खेपेला पाच हजार, पण महिन्यात खेपा किती?

पत्र : माझं वय २२. गाव कागल तालुक्यात. बारावीनंतर दीड वर्ष एका ट्रकवर क्लीनर होतो. दोन महिन्यांपूर्वी हेवीचं लायसन्स हातात आलं. तीन ठिकाणी बोलणं झालंय. शिरोली एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टकडे तीसेक गाड्या आहेत. ते सहाटायरी देतात, पुणे-चाकण लाईन, पगार १५,०००, बाहेर असेन त्या दिवसाचा भत्ता ३५०, पीएफ-ईएसआय कापून. दुसऱ्या एका मालकांची एकच दहाटायरी आहे. कोल्हापूर-बेंगलोर, जाऊन-येऊन खेपेला ५,०००, जेवणखाण माझं. महिन्याला आठ खेपा होतात, चाळीस हजार कुठं जात नाहीत, असं ते म्हणतात, आणि २०,००० उचल लगेच द्यायला तयार आहेत. तिसरं काम गोकुळ शिरगावात पिकअपवर, १३,०००, रोज घरी, अंतर २२ किलोमीटर. घरात महिन्याला दहा हजार द्यायलाच लागतात. मामा म्हणतात, दुसऱ्याची गाडी हाणण्यापेक्षा कर्ज काढून जुनी गाडी घे. मित्र म्हणतात, पगारावर कोण जगतं, वरचे पैसे बघ. नव्या ड्रायव्हरनं सुरुवातीला कमाई किती धरावी?

उत्तर :

मित्रा, आधी ते चाळीस हजार डोक्यातून काढून टाक. मालक खोटं बोलतात असं नाही. खेपेला ५,००० ते देतीलही. पण आठ खेपा होत नाहीत.

हिशेब मांडून बघ. कोल्हापूर ते बेंगलोर सहाशे किलोमीटरच्या वर. भरलेली दहाटायरी तवंदीचा घाट, टोलनाके, गावाजवळची गर्दी सगळं धरून ताशी ३५ ते ४० ची सरासरी देते. म्हणजे नुसतं स्टिअरिंगवर १६-१७ तास. एकट्या माणसानं हे दोन दिवसांत बसवायचं. त्याआधी गाडी भरायला एक दिवस. तिकडं रिकामी व्हायला नंबर लागतो, अर्धा ते एक दिवस जातो. परतीचा माल मिळून भरायला आणखी एक दिवस, कधी दोन. मग येताना पुन्हा दोन दिवस. सगळं सुरळीत झालं तर सहा दिवस, नाहीतर सात. महिन्याला चार खेपा नक्की, पाचवी नशिबानं. आठ खेपा करायच्या तर पावणेचार दिवसांत जाऊन-येऊन भरणं-उतरणं सगळं उरकायला हवं. ते जमतं फक्त झोप कापून, आणि झोप कापलेल्या माणसाच्या हातात दहाटायरी द्यायची नसते. कायदासुद्धा दिवसाला आठ तासांच्या कामाचा आहे.

चार खेपांचे झाले २०,०००. महिन्यातले २६ दिवस तू बाहेर. दोन वेळचं जेवण, नाष्टा, चहा, पाणी, अंघोळ, काटकसर केली तरी दिवसाला २८० रुपये जातात. ७,२८० वजा कर. उरले १२,७२०. पाचवी खेप झाली तर ३० दिवस बाहेर, ८,४०० खर्च, हातात १६,६००. यातून डिझेलची, मालाची, टायरची कपात अजून व्हायची आहे. तिच्याकडं पुढं येतो.

आता शिरोलीचं. १५,००० वर पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे ११३ च्या आसपास, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १२,८८७. चाकण लाईनवर महिन्याला वीस दिवस बाहेर पडतात असं धर, भत्ता ७,०००. जेवणखाण २८० प्रमाणे ५,६००. उरले १४,२८७. ऐकायला बेंगलोरपेक्षा गरीब वाटतं, पण घरचे दहा हजार देऊन चार हजार शिल्लक राहतात आणि ते दर महिन्याला राहतात. शिवाय कापलेले १,८०० गेलेले नाहीत. तेवढीच रक्कम मालकही भरतो, त्याच्या वाट्याचा मोठा भाग पेन्शनकडं जातो, उरलेला तुझ्या खात्यात. दर महिन्याला मोबाईलवर पासबुक उघडून पैसे खरंच भरले का ते बघ. कापून घेतलेला पण न भरलेला पीएफ ही या धंद्यातली नेहमीची तक्रार आहे, आणि ती दुसऱ्याच महिन्यात केली तर सुटते, तीन वर्षांनी केली तर घोंगडं भिजत पडतं.

पिकअपचं गणित छोटं आहे. १३,००० मधून व्यवसाय कर गेला, १२,८०० राहिले. रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, मोटारसायकलला पेट्रोल साधारण ९५ रुपये, २६ दिवसांचे अडीच हजारांच्या घरात. डबा घरचा धरला तरी १०,३०० उरतात. म्हणजे घरचे दहा हजार दिले की तुझ्या खिशात मोबाईलचा रिचार्ज. आणि खरी अडचण पुढची आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधं कारचं लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे पिकअपवर तुझं हेवी लायसन्स वापरातच येत नाही. दोन वर्षांनी मोठ्या गाडीसाठी गेलास तर "हेवीवर किती दिवस?" या प्रश्नाला उत्तर पुन्हा शून्य. आईवडिलांचं दुखणंखुपणं असेल, रोज घरी येणं गरजेचं असेल, तर पिकअप वाईट नाही. ट्रकवर पुढं जायचं असेल तर ती वाट लांबची.

तर तुझ्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर. कोल्हापूर भागात हेवीवरच्या नवख्याला पगार १४ ते १८ हजार आणि वर दिवसाचा भत्ता, एवढीच बोली लागते. जेवणखाण जाऊन १३ ते १७ हजार हातात पडले तर पहिलं वर्ष ठीक चाललंय असं समज. यापेक्षा फार मोठा आकडा कुणी सांगितला तर त्यात भत्ता मिळवलाय, खेपा फुगवल्यात किंवा वरचे पैसे धरलेत, या तीनपैकी काहीतरी आहे. भत्ता हा पगार नव्हे. तो रस्त्यावर पोट भरायला आहे. गाडी पासिंगला उभी राहिली, माल नाही म्हणून अड्ड्यावर पडली, की भत्ता बंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि गाड्या दिवसेंदिवस जागच्या हलल्या नाहीत. अशा वेळी पगारी ड्रायव्हरचा पगार चालू राहतो, खेपेवरच्या ड्रायव्हरचं खातं कोरडं राहतं. म्हणून बोली करताना मूळ पगार किती, हे पहिलं विचार. भत्ता त्यानंतर.

आमचं मत स्पष्ट आहे: शिरोलीचं काम घे. किमान एक वर्ष. कारण नुसतं पैशाचं नाही. चाकण लाईनवर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरला गाडी रिकामी होते, पुढच्या एक-दोन दिवसांत तू परत शिरोलीत. गाडीत काही आवाज आला, चूक झाली, तर मेकॅनिक आणि जुने ड्रायव्हर तिथंच आहेत. एकट्या मालकाच्या दहाटायरीवर पहिल्याच महिन्यात चित्रदुर्गाजवळ गाडी उभी राहिली तर तू, फोन आणि रस्ता.

आता कपात. नवे ड्रायव्हर पैसे कमी मिळतात म्हणून जेवढे गोत्यात येतात, त्याहून जास्त मिळालेले कापले गेल्यानं येतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी कपात डिझेलच्या अ‍ॅव्हरेजची. मालक सांगतो, दहाटायरीला लिटरला ४ चं अ‍ॅव्हरेज पाहिजे, कमी पडलं तर तुझ्याकडनं. बेंगलोरच्या १,२२० किलोमीटरच्या फेरीला ४ नं ३०५ लिटर लागतं. तू ३.८ दिलंस तर ३२१. सोळा लिटर जादा, लिटर ९० धरलं तर १,४४० रुपये. पाच हजारांच्या खेपेतला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग गेला आणि फरक होता फक्त शून्य पॉइंट दोनचा. सहाटायरीवरही हेच, आकडा पाच-सहाच्या घरात असतो इतकंच. म्हणून बोलीच्या वेळी विचार: अ‍ॅव्हरेज भरलेल्या गाडीचं की रिकाम्या-भरलेल्याचं मिळून? टाकी फुल ते फुल मोजणार की जीपीएसच्या किलोमीटरवर? घाटाची लाईन आली तर सूट किती? आणि कमी पडलं की कापता, तर वाचवलं की देता का? चांगले ट्रान्सपोर्टवाले वाचलेल्या डिझेलचा काही हिस्सा ड्रायव्हरला देतात. तो ठरवून घेतलास तर ती तुझी सचोटीची जादा कमाई.

अ‍ॅव्हरेज पडतं कशानं? नंबर लावून उभं असताना इंजिन चालू ठेवल्यानं, तासाला दीड-दोन लिटर तिथंच जातं. गिअर उशिरा टाकल्यानं, आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर गेला की गाडी डिझेल पिते. पुढच्या गाडीच्या मागं लागून सारखं ब्रेक-एक्सलेटर केल्यानं. आणि टायरला हवा कमी असल्यानं. हवेचं जरा नीट समजून घे, कारण त्यात डिझेलपेक्षा मोठा खड्डा आहे. मागं जोडटायर असतात. आतला टायर बसला तरी बाहेरचा उभा असल्यानं लांबून काही दिसत नाही. मग सगळं वजन बाहेरच्या एकट्यावर येतं, तो तापतो आणि दुपारच्या उन्हात फुटतो. दोन्ही गेले. नव्या रेडियल टायरला वीस हजारांच्या आसपास मोजावे लागतात, म्हणजे दोन टायर मिळून हा तुझ्या अडीच-पावणेतीन महिन्यांच्या पगाराचा प्रश्न आहे. उपाय फुकटातला: निघताना आणि प्रत्येक थांब्याला रॉड घेऊन एका बाजूनं निघायचं आणि प्रत्येक टायरवर, आतल्यावरही, एकेक ठोका टाकायचा. भरलेला टायर टणक वाजतो, रॉड उसळून परत येतो. बसलेला भद्द वाजतो आणि रॉड तिथंच थांबतो. दोन मिनिटांचं काम. तसाच हात ड्रमजवळ ने. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय, तोही डिझेल खातोय.

बीएस-६ गाडी असेल तर युरियाची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची, डीईएफची) टाकी विसरू नकोस. शंभर लिटर डिझेलला साधारण चार-पाच लिटर युरिया लागतो. संपला की इंजिन ताकद कमी करतं आणि गाडी चढावर रांगते. पैसे वाचवायला पाणी किंवा स्वस्तातला डबा ओतला तर मागची यंत्रणाच बसते आणि ते बिल ड्रायव्हरच्या कुवतीबाहेरचं असतं. युरियाची पावती वेगळी ठेव.

दुसरी कपात मालाची. शिरोलीतून चाकणला जाणारा माल म्हणजे बहुतेक कास्टिंग. मशिनिंग झालेल्या कास्टिंगला पावसाचं पाणी लागलं की एका रात्रीत तांबूस डाग येतात, कंपनी तो नग परत करते आणि डेबिट नोट ट्रान्सपोर्टच्या नावावर येते. तिथून ती तुझ्या पगारापर्यंत यायला वेळ लागत नाही. ताडपत्री टाकताना मागचा पदर वर, पुढचा खाली असं कधी करू नकोस. मागून सुरुवात करून पुढचा पदर मागच्यावर चढवला की वारा आणि पाणी आत घुसत नाही. पावसाळ्यात दोन ताडपत्र्या. मार्केट यार्डातनं गुजरातला गूळ घेऊन जायची वेळ आली तर हे दुप्पट लागू. भिजलेला रवा (गुळाची ढेप) कुणी घेत नाही.

भरताना नग स्वतः मोज आणि बिल्टीशी (ट्रान्सपोर्टच्या मालाच्या पावतीशी) ताडून मगच सही कर. तुला मोजू देत नसतील, माल सीलबंद असेल, तर बिल्टीवर "नग मोजून घेतलेले नाहीत, सील नंबर अमुक" असं लिहून सही कर. उतरवताना पोच पावतीवर शेरा आला का बघ. शेरा चुकीचा असेल तर तिथूनच, गेटच्या आत असतानाच, ऑफिसला फोन कर. गेटबाहेर आल्यावर तुझं कुणी ऐकत नाही. ई-वे बिलाची (माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदतही नजरेखाली ठेव. दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे चाकणला दोन, बेंगलोरला चार. गाडी बिघडून मुदत संपत आली तर संपायच्या आठ तास आधी ते संपल्यावर आठ तास, एवढ्यातच वाढवता येते. वाढवायचं काम ऑफिसचं, पण कळवायचं काम तुझं.

तिसरी कपात चलनाची. हे आधीच ठरव: ओव्हरलोडचं चलन मालकाचं, स्पीडचं आणि मोबाईलचं तुझं. यात भांडण नको. मोठ्या गाडीला वेगाचं चलन २,००० ते ४,००० असतं. ओव्हरलोडला २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. म्हणून भरल्यावर वजनकाट्यावर गाडी चढवून पावतीचा फोटो ऑफिसला पाठव. वजन जास्त निघालं तर "माल कमी करा किंवा जबाबदारी लिहून द्या" हे बोलायला नवा ड्रायव्हर घाबरतो. घाबरू नकोस. ओव्हरलोड गाडी घाटात ब्रेकवर उतरत नाही, आणि अपघात झाला तर पहिला गुन्हा ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्याच्यावर.

नुकसानीची कपात मालकाच्या मनात येईल तेवढी करता येत नाही, हेही लक्षात ठेव. महिन्याच्या पगारातली एकूण कपात सर्वसाधारणपणे निम्म्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही, आणि नुकसान भरून घ्यायच्या आधी तुझं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळायला हवा. अडलंच तर कोल्हापुरात सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, अर्ज तिथं करायचा. किमान वेतनातला विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्या दोन महिन्यांत पगाराचा विषय काढायला तुला कारणही मिळतं.

या सगळ्याला पुरावा लागतो, आणि तो म्हणजे खिशातली वही. शाळेची दोनशे पानी नको, छातीच्या खिशात मावणारी. एका खेपेला एक पान. वर तारीख, निघतानाचं किलोमीटर, टाकीतलं डिझेल. खाली डाव्या बाजूला मिळालेली खर्ची, उजवीकडं गेलेले पैसे: हमाली, वाराई, काटा, पंक्चर, पार्किंग. पावती असेल तर तिचा फोटो त्याच जागी काढ आणि रकमेपुढं टिक कर. पावती मिळत नाही तिथं कुणाला दिले, किती वाजता, हे त्याच तासाला लिही. गाडी गेटवर किती वाजता लागली आणि कधी सुटली, तेही लिही. थांबून राहिल्याचे पैसे ट्रान्सपोर्ट पार्टीकडून मागतं, त्या दिवसाचा तुझा भत्ता मागायला हीच नोंद लागते. खेप संपल्यावर हिशेब दोन दिवसांत मिटव, मुकादमाची सही पानावर घे. तीन-तीन खेपांचा हिशेब एकदम करायला बसलास की प्रत्येक खेपेत दोनशे-तीनशे रुपये आठवतच नाहीत. महिन्याला दोन हजार असेच जातात आणि कुणी चोरलेलेही नसतात.

उचलीबद्दल. वीस हजार घेऊ नकोस. ऊसतोडीत उचलीनं माणसं कशी बांधली जातात ते आपल्या भागात सांगायला नको. गाडीवरही तसंच होतं. उचल फिटेपर्यंत भत्ता उशिरा, हिशेब तोंडी, आणि "आज रात्री निघ" म्हटलं की नाही म्हणता येत नाही. घरात खरंच निकड असेल तर रक्कम, महिन्याचा हप्ता आणि सोडून गेल्यास काय, हे कागदावर लिहून घे. आणि काहीही झालं तरी मूळ लायसन्स कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस. झेरॉक्स दे. रस्त्यावर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन्स चालतं, ते मोबाईलवर घेऊन ठेव. लायसन्सवर ट्रान्सपोर्टची (व्यावसायिक गाडी चालवायची) मुदत वेगळी छापलेली असते, पाच वर्षांची. ती तारीख पाठ असू दे. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी पैसे भरून मालकाकडनं वसूल करते आणि मालक तुझ्या मागं लागतो.

विम्याचं विचारलं नाहीस, पण ते पगाराइतकंच महत्त्वाचं. ईएसआय असेल तर कामावर जखमी होऊन घरी बसलास तरी पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास रक्कम मिळते, औषधपाणी वेगळं. पीएफ खात्याबरोबर जीव गेल्यास घरच्यांना मिळणारा विमाही आपोआप येतो, त्यासाठी वारसाचं नाव भरलेलं हवं. एकट्या मालकाकडं यातलं काही नसतं. तिथं गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचा धोका धरलाय का, ते पॉलिसी उघडून बघ. त्याचा हप्ता वर्षाला पन्नास रुपयांच्या आसपास असतो, आणि तेवढ्यासाठीही तो राहून गेलेला असतो. तू स्वतः बँकेत जाऊन वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आजच काढ. अपघाती मृत्यूला दोन लाख.

वरच्या पैशांबद्दल मित्र जे सांगतात ते म्हणजे डिझेल विकणं, परतीचा माल मालकाला न सांगता भरणं, केबिनमध्ये प्रवासी घेणं. यातलं एकही करू नकोस. टाकीत सेन्सर आहे, गाडीत जीपीएस आहे, आणि शिरोली-गोकुळ शिरगावचे ट्रान्सपोर्टवाले एकमेकांना फोन करतात. वीस लिटर विकून हजार-दीड हजार मिळतील. नाव गेलं की कोल्हापुरात गाडी मिळणार नाही. केबिनमधला प्रवासी अपघातात गेला तर विमा हात वर करतो आणि त्याच्या घरच्यांपुढं तू उभा असतोस. या धंद्यात पगार कमी आहे हे खरं आहे, तो वाढवून मागितला पाहिजे हेही खरं. पण चोरीचा हिशेब धरून पगार कमी ठेवायची पद्धत मालकांनी पाडलीय, आणि ती मोडायची तर सुरुवात पहिल्या दिवसापासून "मला पूर्ण पगार द्या, डिझेल मोजून घ्या" असं म्हणणाऱ्या पोरांनीच केली पाहिजे.

मामांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण दोन वर्षं लवकर आलाय. जुनी गाडी घेतली की बँकेचा हप्ता पाऊस असो, पूर असो, दर महिन्याला येतो. शिवाय विमा, नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५००, आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर दरवर्षी पासिंग, आणि सहा टायर. माल कोण देणार, परतीचं भाडं कुठल्या अड्ड्यावर मिळतं, कोणती पार्टी पैसे तीन महिने थकवते, हे पगारावर असतानाच शिकता येतं. हप्ते सुरू झाल्यावर ते शिकणं महाग पडतं. मामांना हे हप्त्याचं गणित कागदावर दाखव, त्यांनाही पटेल.

पुढची वाढ कशी होते तेही सांगतो. वर्ष पूर्ण झालं की ट्रान्सपोर्टच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र माग: कोणती गाडी, किती महिने, अपघात नाही. ते हातात असलं की दहाटायरी, मग बारा-चौदाटायरी, न्हावा-शेवाची कंटेनर ट्रेलर, अशी गाडी मोठी होत जाते आणि पगार वीस-पंचवीस हजारांच्या पुढं सरकतो. टँकरवर जायचं असेल तर घातक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण करून लायसन्सवर नोंद घ्यावी लागते. ती नोंद असलेले ड्रायव्हर कमी, म्हणून त्यांना दोन पैसे जास्त मिळतात. गाडी निवडायची संधी आली तर नवी माग. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी रिकामं व्हायची वाट बघत बसणाऱ्याला त्याची किंमत कळते. ऊस वाहतुकीच्या मागं मात्र नवख्यानं लागू नये. हंगाम दिवाळीच्या सुमारास लागतो, मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, पैसे बरे दिसतात. त्यानंतर सहा-सात महिने काय, हा प्रश्न उरतो, आणि शेतातल्या कच्च्या रस्त्यावरनं वर भरलेली गाडी काढणं हे पहिल्या वर्षाचं काम नव्हे.

शिरोलीला हो म्हणायला जाशील तेव्हा दोन गोष्टी मागून घे. पहिल्या दोन खेपा जुन्या ड्रायव्हरबरोबर, भत्त्यासह. आणि पहिले पंधरा दिवस गाडी आवारातच मागं घ्यायचा सराव, कारण नवख्याचं नुकसान हायवेवर कमी आणि कंपनीच्या गेटच्या आत रिव्हर्स घेताना जास्त होतं: आरसा, मागचा दिवा, नाहीतर कठड्याला घासून फाटलेली टायरची बाजू. क्लीनर नसेल तर मागं घ्यायच्या आधी उतरून एक फेरी मार, लाजू नकोस.

गाडी ताब्यात देतील त्या दिवशी चावी घेण्याआधी मोबाईल काढ. स्टेपनी आणि तिचा नंबर, बॅटऱ्यांचे नंबर, जॅक, पाना, दोन्ही ताडपत्र्या, दोरखंड, अग्निशामक, सहाही टायर, बंपरवरचा आधीचा प्रत्येक पोचा, किलोमीटरचा आकडा, आणि विमा, पासिंग, पीयूसी, परमिट यांच्या तारखा, सगळ्याचे फोटो घे आणि तिथंच उभा राहून ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. स्टेपनीचा नंबर मातीत दिसत नसेल तर फडक्यानं पुसून घे, सहा महिन्यांनी "स्टेपनी बदलली कुणी?" असं विचारतील तेव्हा तोच फोटो दाखवायचा असतो.